इस्त्रीबाईंचा अबोला

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे डगले असं सगळं मळकं ढकलगाड्यांतून तिथे उतरायचं आणि गरम, कोरडं होऊन परत वर जायचं. धुणं, पिळणं, वाळवणं ही कामं यंत्रं करत. चादरीची घडी मात्र दोन माणसांनीच घालायची. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका देऊन चादर ताणायची, मग चालत एकमेकींपाशी यायचं. एकीनं आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि वाकून खालची दुमड उचलायची. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दिवसभर हेच.

या कामातली सगळ्यात जुनी जोडी म्हणजे इस्त्रीबाई आणि रेडिओ.

त्यांची खरी नावं हजेरीपटावर होती, पण ती धुलाईघराच्या साहेबांनाही चटकन आठवत नसत. इस्त्रीबाई उंच आणि ताठ. पाठीला बाक नाही, कपड्याला सुरकुती नाही, बोलण्यात फापटपसारा नाही. रेडिओ ठेंगणी, गुबगुबीत, आणि तिला हे नाव का पडलं ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. तिला बंद करायचं बटण द्यायला देव विसरला, असं सगळे म्हणत. धुलाईच्या ड्रमांची घरघर कितीही चढली तरी तिचा आवाज त्याच्या वर तरंगत राही.

दोघी एकाच चर्चच्या. रविवारी सकाळच्या उपासनेला एकाच बाकावर बसत. इस्त्रीबाई गीताचा नंबर आधीच काढून ठेवत आणि रेडिओ पहिल्याच कडव्याला सगळ्या मंडळीच्या पुढे धावत सुटे. लोकांना गंमत वाटायची की या दोघींचं जमतं कसं. पण इस्त्रीबाईंचा नवरा गेला, मुलगा तेव्हा शाळेत होता, त्या दिवशी रेडिओ पिशवीत दोन कपडे कोंबून आली आणि महिनाभर राहिली. तिनं स्वयंपाक केला, मुलाच्या वह्यांना कव्हरं घातली, दारात आलेल्या माणसांना उत्तरं दिली. आणि बोलत राहिली, अखंड, काहीबाही. त्या बडबडीचा दोर धरून मी विहिरीतून वर आले, असं इस्त्रीबाई पुढे एकदा म्हणाल्या होत्या. त्यांच्यासारख्या बाईच्या तोंडून हे फार झालं.

मुलगा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तो मोठा झाला, फर्निचरच्या एका दुकानाची गाडी चालवू लागला, पहिल्या पगारात आईला चष्मा घेऊन आला. मग तो पिऊ लागला. आधी मित्रांबरोबर, नंतर मित्रांवाचून. इस्त्रीबाई हे सगळं घरातल्या घरात निस्तरत राहिल्या. सकाळी त्याचे कपडे भिजवताना खिडकी लावून घ्यायच्या. एक दिवस त्यानं भर दुपारी मालाची गाडी दुकानाच्याच शटरवर घातली. कुणाला लागलं नाही, पण नोकरी गेली, आणि शेवटी त्याला शहराबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं लागलं. इस्त्रीबाईंनी शेजारीपाजारी आणि चर्चमध्ये सांगितलं, की मुलगा कामाच्या प्रशिक्षणाला परगावी गेलाय.

खरं सांगितलं ते एकट्या रेडिओला. धुलाईघराच्या मागच्या कोठीत, अभ्र्यांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून, डोळे कोरडे ठेवून. रेडिओ मात्र ढसाढसा रडली. या कानाचं त्या कानाला कळणार नाही, असं तिनं आपणहून कबूल केलं.

पुढच्या रविवारी इस्त्रीबाई चर्चच्या दारात चपला सरळ करत होत्या. गायनमंडळातली एक बाई आली, त्यांचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "आम्ही सगळ्याजणी तुमच्या मुलासाठी गुडघे टेकतोय. तो त्या केंद्रातून बरा होऊनच येईल."

झालं होतं ते असं. बुधवारी बायकांची प्रार्थनासभा असे. इस्त्रीबाईंची त्या दिवशी धुलाईघरात कामाची पाळी होती, म्हणून त्या गेल्या नव्हत्या. कुणाला प्रार्थनेचा काही विषय द्यायचाय का, असं विचारल्यावर रेडिओ उठली. तिनं मुलाचं नाव घेतलं, केंद्राचं नाव घेतलं, शटरची हकिकत सांगितली आणि अशी कळवळून प्रार्थना केली की सभेतल्या एकीचाही डोळा कोरडा राहिला नाही. चुगली केली असती तर तिला चुगली म्हणता आलं असतं. पण ही तर प्रार्थना होती. तिच्यावर रागावायचं म्हणजे देवाशी बोलली म्हणून रागावल्यासारखं. हीच गोष्ट इस्त्रीबाईंना जास्त झोंबली.

सोमवारी धुलाईघरात, ड्रमच्या तोंडाशी, त्यांनी रेडिओला गाठलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. रेडिओ गडबडून म्हणाली, की मी चांगल्यासाठीच केलं, इतक्या जणींची प्रार्थना फुकट जाईल का. इस्त्रीबाईंनी तिचं बोलणं संपू दिलं. मग अगदी हळू, एकेक शब्द घडी घालावा तसा घालत म्हणाल्या, "तुझी कूस उजवली असती, तर पोटच्या पोराची अब्रू म्हणजे काय ते तुला कळलं असतं."

रेडिओला मूल नव्हतं. तरुणपणी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा काही उरलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तिला याच इस्पितळातून घरी नेणारी बाई दुसरी कुणी नव्हती, इस्त्रीबाईच होत्या.

रेडिओ ढकलगाडी घेऊन वळली. त्या दिवसापासून दोघींचा अबोला सुरू झाला.

साहेबांनी त्यांना वेगळं करून पाहिलं. इस्त्रीबाईंबरोबर एक नवी मुलगी दिली, तर तिच्या घड्या तिरक्या येतात म्हणून दुपारपर्यंत ती रडकुंडीला आली. रेडिओबरोबर दुसरी एक दिली, तर दोघींची लय जुळेना आणि चादर जमिनीवर लोळू लागली. दोन दिवसांत जोडी पुन्हा जुनीच झाली. त्या समोरासमोर उभ्या राहत, कोपरे धरत, ताणत, पुढे येत. बोटांना बोटं लागत, पण नजरेला नजर लागत नसे. काही सांगायचंच असलं तर इस्त्रीबाई शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणत, "यांना सांगा, ही फाटकी आहे, बाजूला काढा." शेजारची बिचारी दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाईला निरोप पोचवायची. सुरुवातीला सगळे हसत, नंतर त्याचीही सवय झाली.

इस्त्रीबाई संध्याकाळच्या उपासनेला जाऊ लागल्या, कारण सकाळी रेडिओ असे. प्रार्थनेत खंड पडला नाही. रोज सकाळी गुडघे टेकून त्या देवाला सांगत, की तिला तिची चूक दाखव. दिवसामागून दिवस, हिवाळ्यामागून उन्हाळे, देवापुढे एकच तक्रार. बाकी सगळं मागणं हळूहळू मागे पडलं आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते एवढंच, की आताशा त्यांना कशाचाही राग येतो. दूधवाला उशिरा आला तरी, बसमध्ये कुणी मोठ्यानं हसलं तरी, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी. पूर्वी त्यांचा राग नाकावर माशी बसावी तसा यायचा नि उडून जायचा. आता तो घर करून राहिला होता, आणि घरमालकासारखा वागत होता.

मुलगा बरा होऊन परत आला होता. मध्ये एकदा घसरला, पुन्हा केंद्रात गेला, पुन्हा आला. आता पिण्याला रामराम ठोकून त्याला बरेच दिवस झाले होते. फर्निचरच्या दुकानानं त्याला परत घेतलं होतं, गाडीवर नाही, पॉलिश करायला. नखांत सतत तपकिरी रंग घेऊन यायचा आणि आईला तो रंग पाहून बरं वाटायचं.

एका रविवारी दुपारी इस्त्रीबाई घरी इस्त्री करत होत्या. मुलगा समोर जमिनीवर बसून बूट पुसत होता. त्यानं सहज सांगितलं, की चर्चच्या पाळकांनी त्याला पुढच्या महिन्यात सकाळच्या उपासनेत साक्ष द्यायला बोलावलंय. पिणं, शटर, केंद्र, सगळं तो उभं राहून सांगणार आहे.

इस्त्री हवेत थांबली. घरची लक्तरं वेशीवर टांगायची का, असं त्यांनी विचारलं. ती बया बोलली तेवढं कमी पडलं का? तिच्यापायी मला चर्चची वेळ बदलावी लागली, मान वर करून चालता आलं नाही, आणि तू आपल्या हातानं...

मुलगा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आई, मलाही तिचा राग आला होता. मी तिला तोंडावर सांगितलं."

"कधी?"

"केंद्रात. ती भेटायला आली होती ना."

इस्त्रीबाईंनी इस्त्री उभी ठेवली. मुलगा सांगत गेला. पहिल्याच महिन्यात रेडिओ दोन बस बदलून केंद्रात आली होती. आली आणि दोन तास बोलली. तो इतका वैतागला की मध्येच म्हणाला, मावशी, तुझ्या तोंडामुळे माझी आई रस्त्यानं खाली मान घालून चालते. त्यावर ती रडली. मग तोही रडला. मग तिनं आणलेली बिस्किटं दोघांनी खाल्ली. त्यानंतर ती मधूनमधून येत राहिली. दुसरं कुणी यायचं नाही. आईलाही यायची लाज वाटायची, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण इस्त्रीबाईंना ते ऐकू आलं.

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तिनंच नको म्हटलं. म्हणाली, आईला सांगशील तर तिला वाटेल मी उपकार मिरवतेय."

म्हणजे रेडिओनं एक बातमी पोटात ठेवली होती. तीसुद्धा इतकी वर्षं.

मुलानं बुटाची नाडी ओवायला घेतली. मान खाली घालूनच म्हणाला, "आई, गोष्ट माझी होती. मी विसरलो. तू माझ्या नावानं राग धरून बसलीयेस, तो मला जड होतो." आणि मग, "तिला फक्त एकच विचारलं मी, की आई तुला काय बोलली. तेवढं तिनं सांगितलं नाही. काय बोलली होतीस?"

इस्त्रीबाईंनी पुन्हा इस्त्री हातात घेतली आणि एकाच बाहीवर ती कितीतरी वेळ फिरवत राहिल्या. गंमत अशी, की रेडिओनं सभेत काय केलं ते त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं, अगदी स्वतः तिथे नसतानाही. आणि ड्रमपाशी आपण काय बोललो ते वाक्य मात्र त्यांनी इतक्या खाली दडपलं होतं, की आज ते वर आलं तेव्हा दुसऱ्याच कुणाचं असावं तसं परकं वाटलं.

त्या संध्याकाळी प्रभुभोजन होतं. भाकरीचं तबक समोर आलं तेव्हा इस्त्रीबाईंनी ते न घेता पुढे सरकवलं. तेही त्यांनी ताठ बसून केलं.

पाळकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. मधल्या आठवड्यात इस्त्रीबाई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते चर्चच्या मागच्या खोलीत फाटक्या गीतपुस्तकांच्या पाठींना खळ लावत बसले होते. चिकटवणं इतकं वाकडं चाललं होतं की इस्त्रीबाईंना राहवलं नाही. त्यांनी ब्रश स्वतःकडे घेतला. पुस्तकं चिकटवता चिकटवता त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, की तिची चूक तिनं एकदाही कबूल केलेली नाही, तर मी क्षमा करायची ती कशाला?

पाळक वयानं त्यांच्या मुलापेक्षा थोडेच मोठे होते. त्यांनी उपदेशाचा आव आणला नाही. एवढंच म्हणाले, की वेदीपाशी दान घेऊन आलेल्या माणसाला येशू परत पाठवतो, ते आठवून पाहा. आधी जा, समेट कर, मग ये. पण कुणाला परत पाठवलंय? ज्याच्या मनात भावाविषयी राग आहे त्याला नव्हे. ज्याच्या भावाच्या मनात त्याच्याविषयी काही आहे, त्याला.

इस्त्रीबाईंचा ब्रश थांबला. लहानपणापासून हे वचन त्यांनी ऐकलं होतं आणि नेहमी उलटंच ऐकलं होतं. त्यांना वाटायचं, आपण क्षमा करायला जायचंय. मोठं मन करून, वरून खाली हात द्यावा तसं. आता कळलं, की जायचं होतं ते मागायला.

"तिच्या मनात माझ्याविषयी काही असेल," त्या म्हणाल्या, "असेल म्हणजे काय. आहेच."

पाळकांनी एक पुस्तक उचलून पाठ सरळ बसलीय का ते पाहिलं आणि बाकीचीही त्यांच्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात त्यांनी मनाचा हिय्या केला. ड्रायरमधून निघालेल्या गरम चादरी समोर होत्या. पहिली ताणली, दोघी पुढे आल्या, बोटं बोटांना लागली. इस्त्रीबाई आवाज खाली ठेवून म्हणाल्या, "माझं चुकलं. मी तुला बोलले ते फार वाईट बोलले."

रेडिओनं कोपरे त्यांच्या हातात दिले, वाकून दुमड उचलली आणि मागे गेली. चेहऱ्यावर रेघही हलली नाही.

इस्त्रीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा ताठा? मी, मी होऊन तोंडानं म्हटलं, तर साधं हूं नाही? पाळी संपेपर्यंत त्यांनी चादरी अशा ओढल्या की दोनदा कोपरे रेडिओच्या हातून सुटले. जाताना हातपाय धुवायच्या नळावर त्या निरोप पोचवणाऱ्या शेजारणीपाशी भडकल्याच. म्हणाल्या, मी स्वतः बोलले तर बाईसाहेबांना उत्तर द्यायची गरज वाटली नाही.

शेजारीण म्हणाली, "बाई, तिला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. ड्रमपाशी एवढी वर्षं काढली ना, कान गेले तिचे. मी सांगते तेही ती माझ्या ओठांकडे बघून समजते. तुम्हाला माहीत नाही? रोज समोर तर उभ्या असता."

नळ तसाच वाहत राहिला. खरंच, अलीकडे रेडिओ फार बोलत नसे. तिचा आवाज ड्रमांच्या वर तरंगताना कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. सगळ्यांना वाटे भांडणानं खचली, आणि इस्त्रीबाईंना तर, खरं सांगायचं तर, तिची खोड मोडली म्हणून मनात थोडं समाधानही वाटलं होतं. आणि बाई आपली बहिरी होत होती. ओठांकडे बघून समजत होती, म्हणजे या एका माणसाचं काहीच समजत नव्हती. कारण इस्त्रीबाई तिच्याकडे तोंड करत नसत.

शनिवारी दुपारी त्या रेडिओच्या घरी गेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, प्रत्येक मजल्यावर दोन-दोन दारं आणि सुट्टी असल्यामुळे त्यातली बहुतेक उघडी. रेडिओच्या नवऱ्यानं दार उघडलं. तो निवृत्त लिफ्टमन, आयुष्यभर मजल्यांचे आकडे सोडून फारसं काही न बोललेला. त्यानं इस्त्रीबाईंना पाहिलं, आत बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मोठ्यानं बोला." मग चप्पल घालून तो खाली निघून गेला आणि दार लावायचं विसरला. किंवा विसरला नसेलही.

रेडिओ खिडकीपाशी मेथी निवडावी तशी बटणं निवडत होती. इस्पितळाच्या जुन्या डगल्यांची बटणं कापून ती साठवून ठेवायची. समोर कोण आलंय ते पाहिल्यावर तिची मूठ सैल झाली आणि चार-दोन बटणं खाली घरंगळली.

इस्त्रीबाई समोर बसल्या आणि बोलल्या. रेडिओ म्हणाली, "काय?"

त्या जरा मोठ्यानं बोलल्या. रेडिओनं हात कानामागे धरला. "काय?"

आता इस्त्रीबाईंपुढे प्रश्न उभा राहिला. जी बाई आयुष्यात घरातली गोष्ट खिडकी लावल्याशिवाय बोलली नव्हती, तिला आता आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट जिनाभर ऐकू जाईल अशी ओरडून सांगायची होती. दार लावावं म्हणून त्या अर्ध्या उठल्याही. मग बसल्या. श्वास घेतला.

"मी तुझ्या कुशीवरून बोलले!" त्या ओरडल्या. "ते बोलायला नको होतं! तुला मी घरी आणलं होतं त्या दिवशी, मला माहीत होतं, तरी बोलले! मला माफ कर!"

जिन्यात कुठेतरी भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला.

रेडिओ बराच वेळ त्यांच्या ओठांकडे बघत राहिली, जणू अजून काही शब्द यायचे राहिलेत. मग तिचा बांध फुटला. पण बाहेर आलं ते क्षमा-बिमा काही नाही. ती कडाडून भांडायलाच लागली. तुला बोलायला इतकी वर्षं लागली का? रोज समोर येत होतीस. मी रोज सकाळी वाटेनं ठरवायची, की आज बोलेन, आणि तुझं ते इस्त्रीचं तोंड बघितलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. यांना सांगा म्हणे. मी काय पोस्टाची पेटी आहे? इस्त्रीबाईही पेटल्या. आणि तू मला शब्द देऊन सभेत उठलीस त्याचं काय? दोघींनी मागची सगळी थकबाकी एका बैठकीत चुकती केली. एकीला ऐकू येत नव्हतं म्हणून ओरडत होती आणि दुसरी तिला ऐकू जावं म्हणून.

शेवटी दम लागून रेडिओ गप्प झाली. मग तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा खाली, बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही तशी, म्हणाली, "मी प्रार्थनाच केली होती गं. खोटी नव्हती. पण सगळ्याजणी रडत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या, तेव्हा मला बरं वाटलं. तुझ्या दुःखावर मला बरं वाटलं. हे मी देवाला सांगितलंय. तुला सांगितलं नव्हतं."

इस्त्रीबाईंना इतकी वर्षं हवी होती ती कबुली ही. देवाकडे रोज मागितलेली. ती अशी समोर आल्यावर मात्र जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. त्या खाली बसल्या आणि घरंगळलेली बटणं गोळा करू लागल्या. रेडिओही बसली. दोघींचेही गुडघे कुरकुरले. एक बटण कपाटाखाली गेलं होतं, त्यासाठी रेडिओनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तशीच, गाल फरशीला टेकवून, रडायला लागली. इस्त्रीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलून उपयोग नव्हता.

रविवारी इस्त्रीबाई सकाळच्या उपासनेला आल्या. मंडळीतल्या किती जणांना काय काय कळलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं, कारण त्या जिन्यात चर्चची दोन घरं होती. इस्त्रीबाईंचे कान लाल झाले, तरी त्या जुन्या बाकावर जाऊन बसल्या. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचं तबक आलं तेव्हा त्यांनी घेतलं आणि रेडिओच्या हातात दिलं. त्याच उपासनेत मुलानं साक्ष दिली. तो चांगलं बोलला नाही, मध्ये दोनदा अडखळला, शटरची गोष्ट सांगताना लोक हसले तेव्हा स्वतःही हसला. रेडिओला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. इस्त्रीबाई तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत, वाक्य न् वाक्य तिला सांगत होत्या. दारू हा शब्दही त्यांनी गाळला नाही.

मग त्या तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, त्यांच्याच इस्पितळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. आयुष्यभर त्या मजल्याच्या चादरी धुतल्या, पण मजला दोघी पहिल्यांदाच पाहत होत्या. नंबर यायला वेळ होता. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईनं रेडिओला काहीतरी विचारलं असावं, कारण रेडिओ सुरू झाली. आणि काय सांगत होती, तर मुलाची गोष्ट. पिणं, गाडी, केंद्र, सगळं. बाकावरची सगळी माणसं ऐकत होती.

इस्त्रीबाईंची मान ताठ झाली. राग आला. खराखुरा, जुना, ओळखीचा राग, पायापासून वर. समेट झाला म्हणून तो मेला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, देवाजवळ जे काय म्हणायचं ते म्हणाल्या, डोळे उघडले आणि रेडिओचा दंड धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"भिंतीवर नाही," त्या म्हणाल्या. "शटरवर घातली गाडी. सांगायचंच तर नीट सांग." आणि मग, "आता पुरे."

रेडिओनं त्यांच्याकडे बघितलं, जीभ चावली आणि पुरे केलं.

कानातलं यंत्र बसल्यावर तिचा आवाज पुन्हा पूर्वीच्या पट्टीत चढला. धुलाईघरात साहेब दोघींनाही गप्प बसायला सांगू लागले, कारण आता इस्त्रीबाईही ओरडून बोलायला शिकल्या होत्या आणि ती सवय सुटत नव्हती. त्यांची भांडणं संपली असं कुणी समजू नये. उलट वाढलीच. फरक एवढाच, की इस्त्रीबाई आता समेटासाठी सूर्य मावळेपर्यंत थांबत नाहीत. एकदा कुठल्या तरी गीताच्या चालीवरून दोघींची चांगलीच जुंपली आणि इस्त्रीबाई तणतणत घरी आल्या. पाय वर घेऊन बसल्या. थोड्या वेळानं स्वतःशी पुटपुटत उठल्या, चप्पल चढवली आणि दुखऱ्या गुडघ्यांना दोष देत रेडिओचा जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर पोचल्या तर वरून रेडिओ खाली येत होती, त्यांच्याच घरी निघालेली.

आधी कोण निघालं, यावरून त्यांचं तिथेच पुन्हा लागलं.